एकदा उसवायची परवानगी

फॉर्म दोन पानांचा होता. मास्टरनी चष्मा लावला, पाठीमागची उशी सरळ केली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं, तेव्हाच नर्सनं ओळखायला हवं होतं की ही सही काही दोन मिनिटांत मिळायची नाही.

"सगळं भरलेलं आहे हो," नर्स म्हणाली. "तुम्ही खाली हृदयाच्या एको तपासणीला गेला होतात ना, तेव्हा तुमच्या मुलानंच भरून दिलं. फक्त शेवटी सही करा. साडेपाचला सर्जनबाई येतील, तोवर तयार लागतो."

"हो, हो," म्हणत मास्टर वाचत राहिल्या.

चिठ्ठी स्वतः वाचल्याशिवाय कापडाला कातरी लावायची नाही, हा त्यांचा एकतीस वर्षांचा नेम. दुकान कपडे मापात करून देण्याचं. नवं काही शिवत नाहीत; लोकांचे शिवलेले कपडे आत घ्यायचे, बाहेर सोडायचे, लांबी कमी करायची, अस्तर बदलायचं. थोरला मुलगा काउंटरवर चिठ्ठी लिहून कपड्याला टाचतो. मास्टर ती वाचतात, खडूनं खुणा करतात आणि कापतात; कापणाऱ्या म्हणून त्या मास्टर. सून मशीनवर शिवते. नणंदबाई काजं-बटणं करतात, म्हणून सगळं घर त्यांना काजआत्या म्हणतं. शेवटी इस्त्री नवऱ्याची. कपडा या क्रमानं फिरतो आणि घरात काही बोलायचं झालं तर तेही साधारण याच क्रमानं फिरतं, त्यामुळे बाबांपर्यंत येईतो बोलण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. धाकटी लेक तेवढी या साखळीतून सुटली. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. जिभेमुळे तिचं नाव लहानपणीच टाचणी पडलं होतं.

आज सगळी साखळी चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत, दोन खुर्च्यांवर आणि एका खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती. उद्या सकाळी सातला मास्टरचं ऑपरेशन होतं.

सकाळी सर्जनबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. हृदयाच्या डाव्या बाजूची झडप. दोन पाकळ्या, त्यांना खालून बारीक दोरे. मागच्या पाकळीचे दोन दोरे तुटलेत, पुढच्या पाकळीचा एक लांबलाय. हृदय आवळलं की पाकळ्या नीट मिटत नाहीत आणि अर्धंअधिक रक्त उलटं फुप्फुसाकडे जातं. म्हणून जिन्यावर धाप लागते, म्हणून तीन उशा घेऊन झोपावं लागतं.

"म्हणजे कापड बरं आहे, शिवण गेलीय," मास्टर म्हणाल्या होत्या.

"साधारण तसंच."

"मग ती पाकळी सैल झालीय, ती कापणार की चुणीत घेणार?"

सर्जनबाईंनी तेव्हा पहिल्यांदा कागदावरून मान वर करून पेशंटकडे नीट बघितलं. "होता होईतो कापत नाही," त्या म्हणाल्या. "नवे दोरे लावते आणि भोवतीनं एक कडं शिवून टाकते, म्हणजे तोंड परत फाकत नाही. मग पाण्यानं भरून बघते, हृदय चालू करते आणि अन्ननलिकेतून यंत्र घालून आतून बघते. शंभरातल्या ऐंशी जणांचं पहिल्याच वेळी बसतं."

"आणि वीस जणांचं?"

"त्याचं तुम्ही मला आज संध्याकाळपर्यंत सांगायचं. फॉर्मवर आहे."

तेच आता मास्टरच्या हातात होतं. दुसरं पान, चौथा मुद्दा. 'पहिली दुरुस्ती गळल्यास काय करावे.' पुढे तीन चौकोन. पहिला, हृदय पुन्हा थांबवून दुरुस्तीचा आणखी एक प्रयत्न. दुसरा, धातूची झडप. तिसरा, प्राण्याच्या ऊतीपासून केलेली झडप. बरोबरची खूण दुसऱ्या चौकोनात होती, शेपटी लांब ओढलेली. त्याखाली 'अन्य सूचना' या ओळीवर वळणदार अक्षरात लिहिलेलं: काम पक्के हवे. परत यायला नको.

मास्टरनी चष्मा काढला.

"हे कुणी लिहिलं?"

अक्षर कुणाचं ते खोलीतल्या प्रत्येकाला दरवाजातूनही ओळखता आलं असतं. या घरात 'कुणी' असं विचारलं की त्याचा अर्थ 'का' असा असतो.

"मी," थोरला म्हणाला. "काउंटरवरच्या बाई म्हणाल्या भरून ठेवा. तू खाली होतीस. म्हटलं, वेळ वाचेल."

"कुणाचा?"

"सगळ्यांचाच."

"दादा, बघू दे," टाचणी कट्ट्यावरून उतरली आणि आईच्या खांद्यावरून वाचायला लागली. वाचता वाचता तिला हसू फुटलं. "'परत यायला नको'? पँटची झिप आहे का ती? 'शनिवारी हवे' तेवढं लिहायचं राहिलं बघ."

"चेष्टा नको गं," काजआत्या म्हणाल्या. त्यांचं सहा वर्षांपूर्वी पित्ताशय काढलं होतं आणि तेव्हापासून घरातलं कुठलंही दुखणं त्या वरिष्ठ म्हणून हाताळत. "बरोबर लिहिलंय पोरानं. माझ्या वेळी डॉक्टरनं विचारलं, ठेवू का काढू? मी म्हटलं काढा. आज आहे का मला त्रास?"

"आत्या, पित्ताशयावाचून चालतं. हृदयावाचून चालतं का?"

"म्हणून तर लोखंडाचं घाला म्हणतोय ना तो!"

"मला कुणी विचारलं?" मास्टर म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढण्याइतका दमच नव्हता, प्रत्येक वाक्यानंतर त्यांना थांबावं लागत होतं. "मी इथेच आहे. मला विचारलं?"

थोरल्यानं खाली बघितलं. खरं सांगायचं तर त्याच्या मनात आलंच नव्हतं. दुकानाच्या काउंटरवर बारा वर्षं त्यानं हजारो चिठ्ठ्या भरल्या होत्या. दुखणं लिहायचं, उपाय लिहायचा, तारीख टाकायची. ज्या कपड्याबद्दल लिहायचं त्याला कुणी कधी विचारत नाही. बाईंनी फॉर्म पुढे सरकवला, त्यानं खिशातलं पेन काढलं आणि हात चालायला लागला.

"धातूची झडप आयुष्यभर जाते," तो म्हणाला. "सर्जनबाईच म्हणाल्या. एकदा बसवली की बसवली."

"आणि रक्त पातळ करायची गोळी?" टाचणी म्हणाली. "ती रोज. तीपण आयुष्यभर. दर काही दिवसांनी सुई टोचून तपासणी. जरा कापलं की रक्त थांबायला वेळ. आई दिवसभर काय धरून असते हातात, कापूस?"

"सावकाश कापायचं. जपून."

"जपून कापलेलं कापड वाकडं कापलं जातं," मास्टर म्हणाल्या.

"मग नाही कापलंस तर नाही! दुसरं कुणी कापेल."

टाचणी हळूच वळली.

"अच्छा. म्हणजे कापायचं टेबल हवंय होय."

"काय बोलतेस?"

"बरोबर बोलतेय. आईच्या हातून कातरी सुटली की टेबल कुणाला जाणार? वहिनीला. मग काउंटर तुझं, टेबल तुझ्या बायकोचं. बाबा इस्त्री करतील आणि आई खुर्चीत बसून मोठ्या बटणांतून छोटी वेगळी करेल. छान आहे की. एका खुणेत सगळं."

थोरला उठला. त्याचे कान लाल झाले होते. "तू सहा वर्षांपूर्वी दुकान सोडून गेलीस," तो म्हणाला. "तुला काय माहीत चार महिने काय चाललंय ते?" आणि तो दार न आपटता बाहेर गेला, जे आपटण्यापेक्षा वाईट होतं.

कॉरिडॉरच्या टोकाला पाण्याचं यंत्र होतं. तिथे उभा राहून तो दोन कागदी पेले पाणी प्यायला. तहान नव्हती.

चार महिन्यांपूर्वीची दुपार त्यानं कुणाला सांगितली नव्हती. अस्तराचं कापड वरच्या माळ्यावर असतं. आई आणायला गेली ती खाली येईना, म्हणून तो बघायला गेला, तर ती सातव्या पायरीवर बसलेली. ओठ निळसर. "बटण पडलंय रे माझं," ती म्हणाली. "शोधतेय." बटण पडलेलं नव्हतं, हे त्याला कळलं, आणि त्याला कळलंय हे तिला कळलं. तरी तो तिच्या शेजारी गुडघ्यावर बसून दहा मिनिटं पायऱ्या चाचपत राहिला. तिचा श्वास जागेवर येईपर्यंत. मग "राहू दे, सापडेल कधीतरी," म्हणून ती उठली.

त्याला फक्त एवढंच हवं होतं की ती पायरी पुन्हा येऊ नये. ऊतीची झडप बारा-पंधरा वर्षांत झिजते, मग परत छाती उघडायची. दुरुस्ती दुसऱ्यांदा करायला घेतली आणि तीही गळली तर हृदय अजून एकदा थांबवायचं. आणि ते परत सुरू नाही झालं तर? काउंटरवर सगळ्यात वाईट गिऱ्हाईक कुठलं, तर नेलेला कपडा हातात घेऊन दारात परत उभं राहतं ते. त्यानं तेच लिहिलं होतं. आता ते बाहेरून किती वेडगळ दिसतं ते त्यालाही दिसत होतं.

खोलीत सूनबाई अजून भिंतीला टेकून उभी होती. ती मशीनवर बसते, आणि मशीनवर बसणाऱ्याला मान खाली घालून राहायची सवय असते. पण टाचणीचं बोलणं तिच्या बरोबर वर्मी बसलं होतं, कारण त्यातलं अर्धं खरं होतं.

सासूबाईंना उभं राहवेना झाल्यापासून कापायचं काम तीच करत होती. आधी सासूबाई खुर्चीत बसून खुणा करायच्या आणि ही त्या खुणेवर कातरी चालवायची. मग एक दिवस खूण न करताच एक कोट पुढे आला. "बघ तुझं तू," एवढंच. तिनं खडू हातात घेतला, कोट उलटा केला, आणि पुढचा अर्धा तास तिला रस्त्यावरचा आवाजसुद्धा ऐकू आला नाही. कोट बसला. त्या दिवसापासून रोज सकाळी शटर वर जाताना तिला जो आनंद व्हायचा, त्याची तिला लाज वाटायची. सासू आजारी आणि आपण खूश.

"आई," ती म्हणाली. "मी तिथेच होते. फॉर्म भरताना."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"ह्यांनी खूण केली ती मी बघितली. मला वाटलं म्हणावं, आईंना विचारा आधी. नाही म्हटलं. गप्प बसले. टाचणीताई म्हणतात तसं ह्यांच्या मनात नव्हतं. त्यांना टेबलाचं सुचलंही नसेल. माझ्या मनात आलं होतं. एक क्षण. म्हणून सांगितलं."

काजआत्यांनी सुपारीची डबी काढली. टाचणी खिडकीबाहेर बघायला लागली.

मास्टर सुनेकडे बराच वेळ बघत होत्या. राग आला होता का? आला होता. पण राग आला की त्या कापड हातात घेऊन उजेडात धरत, कुठे विरलंय ते बघायला, आणि ही सवय माणसांच्या बाबतीतही त्यांना लागली होती.

"एक क्षण ना?" त्यांनी विचारलं.

"एकच असं नाही. दोन-चार."

"हं." त्यांनी फॉर्म तिच्याकडे सरकवला. "मग आता बोल. गप्प बसायची भरपाई कर. हे कापड तुझ्या टेबलावर आलंय. शिवलंस, बसलं नाही. काय करशील?"

सूनबाईनं तिन्ही चौकोन वाचले. ओढणीच्या टोकाशी बोटं चाळवली.

"उसवीन."

"आणि?"

"परत शिवीन. शिवण कुठे खेचतेय ते पहिल्या वेळी नाही कळत कधीकधी. अंगावर घातल्यावर कळतं. पण एकदाच उसवीन. दुसऱ्यांदा उसवलं तर सुईची भोकं एकमेकांना मिळतात. मग कापडच जातं."

"ऐकलंत?" मास्टर नवऱ्याला म्हणाल्या. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. त्यांनी मान हलवली. ऐकलं होतं.

साडेपाचला सर्जनबाई आल्या, मागे थोरलाही आला आणि दाराशी थांबला. सर्जनबाई साठीला टेकलेल्या, बुटक्या, हात मात्र मोठे. फॉर्म बघून त्यांनी भुवया उंचावल्या.

"'काम पक्के हवे'?"

"मुलगा दुकानात चिठ्ठ्या लिहितो," मास्टर म्हणाल्या. "सवयीनं लिहिलं. हा फॉर्म रद्द. मला कोरा द्या."

"देते. पण मुलानं लिहिलं ते वेडेपणाचं नाही, हेही ऐका. तुमचं वय चौपन्न. या वयात धातूची झडप सुचवणारे पुष्कळ डॉक्टर भेटतील. आणि गोळ्या घेऊन लोक सुतारकाम करतात, स्वयंपाक करतात, कातरीही चालवतात. हात तोडून ठेवावे लागत नाहीत." थोरल्याची मान जरा वर झाली. "फक्त जपावं लागतं, तपासण्या चुकवायच्या नाहीत."

"हृदय परत परत थांबवलं तर?" थोरल्यानं विचारलं. "सुरू होतं ना?"

"होतं. पण थकलेलं असतं. जास्त वेळ थांबवलं तर जास्त थकतं. मूत्रपिंडांवरही ताण येतो. मी तुम्हाला काहीच धोका नाही असं सांगणार नाही."

"तुम्ही स्वतः काय करता?" मास्टरनी विचारलं. "गळलं तर?"

"आधी बघते का गळतंय. कारण दिसलं आणि ते सुधारण्यासारखं असेल, तर मला परत हात घालायला आवडतं. कारणच दिसलं नाही तर उगाच टोचत बसत नाही."

"किती वेळा?"

"एकदा. त्यापुढे पाकळीला टाके सोसत नाहीत."

मास्टरनी सुनेकडे बघितलं. सून फरशीकडे बघत होती, पण तिचे गाल कानापर्यंत रंगले होते.

नवा फॉर्म मास्टरनी स्वतः भरला. चौथ्या मुद्द्यावर पहिल्या चौकोनात खूण केली. मग पेन थांबलं. "तेही नाही जमलं तर ऊतीची घाला," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं तर बारा वर्षं."

"आई, परत सगळं..." थोरला म्हणाला.

"बाळा." त्यांनी त्याला या नावानं हाक मारून वीस वर्षं झाली असतील. "तुला भीती वाटते ना? वाटू दे. मला पण वाटते. पण माझ्या छातीवर तुझी भीती शिवू नकोस."

त्यांनी सही केली. थोरला पुढे आला, सर्जनबाईंच्या हातातून जुना फॉर्म घेतला आणि त्याची चौघडी करून खिशात घातली. टाचणी त्याला जागा करून द्यायला कट्ट्यावर सरकली. तो बसला. काजआत्यांनी डबीतली सुपारी पुढे केली तेव्हा दोघांनी एकदमच नको म्हटलं.

सकाळी सात ते अकरा काहीच झालं नाही. म्हणजे आत सगळं होत होतं, बाहेर नाही. वेटिंग हॉलमध्ये निळ्या खुर्च्यांच्या रांगा होत्या, एकमेकींना जोडलेल्या, एकानं पाय हलवला की पाचजण हलायचे. काजआत्या समोरच्या लोकांच्या शर्टांची काजं न्याहाळत होत्या आणि मधूनच हळू आवाजात निकाल देत होत्या. "मशीनची. ती पण सुटलेली."

साडेअकराला हिरव्या टोपीतला तरुण डॉक्टर बाहेर आला.

"दुरुस्ती झाली, हृदय सुरू झालं. पण आतून बघितलं तर गळतंय. मधल्या भागात. कारण सापडलंय असं मॅडम म्हणतात. त्या परत आत शिरतायत. लिहून दिलंय त्याप्रमाणे." तो थोरल्याकडे बघून म्हणाला, कारण पेन खिशाला असलेला तोच होता. "दोन तास धरा."

तो गेल्यावर थोरला तसाच उभा राहिला. टाचणी मनात म्हणत होती, आता हा म्हणणार, मी सांगितलं होतं. म्हणू दे. आज मी उलटं बोलणार नाही. पण तो बाबांच्या शेजारी जाऊन बसला आणि अख्खी रांग हलली.

बाबांनी लेकाच्या गुडघ्याकडे बघितलं. गुडघा अजून रांग हलवत होता. त्यांचा स्वभाव असा की कुणाला धीर द्यायचा झाला तर ते त्याचा शर्ट इस्त्री करून ठेवत. इथे इस्त्री नव्हती.

"उसवून शिवलेलं मला कळतं," ते म्हणाले.

थोरल्यानं वळून बघितलं. बाबा आपणहून बोलले होते.

"सगळं शेवटी माझ्याकडे येतं ना. जुन्या शिवणीची भोकं दिसतात कापडात. ओळीनं. गिऱ्हाइकाला नाही दिसत, मला दिसतात. मग मी काय करतो, ओलं फडकं ठेवतो आणि वाफ देतो. दाबत नाही. नुसती वाफ. धागे फुगतात आणि भोकं मिटतात. एकदा उसवलेल्याची मिटतात." ते थांबले. एवढं सलग बोलून त्यांनाच जरा धाप लागल्यासारखं झालं. "वेळ द्यावा लागतो. घाई करून चालत नाही."

"आणि नाही मिटली तर?"

"तर नाही मिटली." बाबांनी हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. जड, कोरडा, भाजल्याच्या डागांनी भरलेला हात. "पण इस्त्री व्हायच्या आधीच रडायला लागायचं नाही."

सूनबाई पलीकडच्या खुर्चीवरून ऐकत होती. साडेअकरापासून तिनं एका हाताचा अंगठा दुसऱ्या हातात घट्ट धरला होता. तिनं जे म्हटलं होतं तेच आत चाललं होतं, आणि त्याचं काय होईल याचा विचार काल संध्याकाळी उसवीन म्हणताना तिनं केला नव्हता. टेबलावर चुकलं तर दुसरं कापड मिळतं. टाचणी उठली, यंत्रातून चहा आणला आणि एक पेला तिच्या हातात कोंबला.

"पी वहिनी. तू एकटीनं नाही ठरवलंस."

"मीच म्हटलं होतं."

"तू म्हटलंस. तिनं सही केली. आईनं कुणाचं ऐकून कधी काही केलंय? आपलं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून आलं की तिला बरं वाटतं, एवढंच."

पावणेदोनला सर्जनबाई स्वतः आल्या. मास्क गळ्यात, कपाळावर टोपीचा वळ. त्या उभ्याच राहिल्या.

"बसलं," त्या म्हणाल्या.

काजआत्या रडायला लागल्या. बाकीच्यांना रडायचं की उठायचं ते ठरवता येईना.

"अगदी थोडं झिरपतं. आम्ही त्याला गळती म्हणत नाही. हृदयानं सुरू व्हायला जरा कुरकुर केली, पण चाललंय. आजचा दिवस बेशुद्धच ठेवू."

"परत नाही ना येणार?" थोरल्याच्या तोंडून गेलंच.

"दर वर्षी दाखवायला यायचं. बहुतेकांचं वीस वर्षं टिकतं. हमी मी देत नाही."

थोरल्यानं मान डोलावली. त्याला ते आवडलं नव्हतं, पण त्यानं ते घेतलं.

"काय चुकलं होतं?" सूनबाईनं विचारलं. मग घाबरून, "म्हणजे, चुकलं असं नाही..."

"चुकलंच होतं," सर्जनबाई म्हणाल्या. "पुढच्या पाकळीचा नवा दोरा मी आखूड बांधला होता. थांबलेल्या हृदयात बरोबर वाटला. चालू झाल्यावर पाकळी खेचली गेली. दोन मिलिमीटर सोडला."

"अंगावर घातल्यावर कळलं," सूनबाई हळूच म्हणाली.

"हो," सर्जनबाई म्हणाल्या, "तसंच," आणि हात पुसत आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्वासाची नळी काढली. आयसीयूत दोघादोघांना पाच पाच मिनिटं सोडत होते. काजआत्यांनी आधी बाबांना पाठवलं. ते बाहेर आले आणि म्हणाले, "पाय गरम आहेत." गेली दोन वर्षं मास्टरचे पाय बर्फासारखे असत, हे घरात त्यांनाच ठाऊक होतं. टाचणीनं त्यांना धरून खुर्चीत बसवलं.

मग थोरला आणि सूनबाई आत गेले. मास्टर उंच पलंगावर होत्या, छातीवर पट्टी, हाताला तीन नळ्या. चेहरा सुजलेला. पण ओठ गुलाबी होते, आणि थोरल्याला बाकी काही दिसलंच नाही.

"आई, बारा आठवडे काही उचलायचं नाही," तो म्हणाला. मग थांबला. "असं ते म्हणतात. तू काय म्हणतेस?"

मास्टरना हसू आलं आणि छातीत कळ आली. "आता विचारतोय," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "ऐकते त्यांचं." त्यांनी मान सुनेकडे वळवली. "सोमवारी दुकान उघडा. टेबलावर तू उभी राहा."

"आई, मी तात्पुरती..."

"तात्पुरतं कुणी कापत नाही. कापलं की कापलं." थोडा वेळ त्या नुसत्या श्वास घेत राहिल्या. आत, बाहेर. मध्ये अडखळणं नव्हतं. सूनबाई तो श्वास मोजत होती. "बारा आठवडे तुझं. तेराव्या आठवड्यात मी येते. मला माझी जागा परत लागेल."

सूनबाईच्या मनात 'हो आई' होतं. ते अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते तिथेच थांबवलं.

"सगळी नाही देणार," ती म्हणाली. "कोट मी ठेवणार."

थोरल्यानं घाबरून यंत्राकडे बघितलं. हिरव्या रेघेवरचा आकडा ब्याऐंशीचा अठ्ठ्याऐंशी झाला, मग ब्याण्णव. नर्स उठून उभी राहिली.

"कोट?" मास्टर म्हणाल्या. एका दमात, न थांबता. "कोट कुणाला देईन असं वाटलं तुला? एकतीस वर्षं मी..."

"बास आता, बास!" नर्स मध्ये आली. "वेळ संपली. पेशंटला जास्त बोलायला लावू नका."

"बोलू दे हो," मास्टर म्हणाल्या. त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते आणि त्या सुनेकडे बघत होत्या, कापड उजेडात धरून बघतात तशा. "तू थांब. मला उठू दे. मग भांडू."